तळाची माती

आमच्या बीदर जिल्ह्यातून कुठल्याही दिशेला तोंड करून निघा, समुद्र लांबच. तरी माझी सगळी नोकरी समुद्रात गेली, आणि तीही वरवरच्या नव्हे, पार तळाच्या. चिटगुप्प्यात जन्मलेल्या, पोहता न येणाऱ्या बाईनं पोटापाण्यासाठी असलं काम केलं हे आमच्या नातेवाइकांना अजून नीट पटलेलं नाही. कुणी विचारलं तर ते सरळ ‘मासळी खात्यात होती’ असं सांगून मोकळे होतात.

खरं काम असं होतं. एका विज्ञान केंद्राची फिरती गाडी होती. जुनी बस, पण आतली बाकडी काढून दोन्ही बाजूंना फळ्या ठोकलेल्या आणि त्यांवर काचेच्या बाटल्या. बाटल्यांत खोल समुद्रातले प्राणी. किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेनं जहाजातून जाळी सोडून ते काढलेले असत. अभ्यास होऊन जे जास्तीचे उरत, ते आमच्याकडे येत. ती गाडी घेऊन आळंद, हुमनाबाद, भालकी, औराद अशा भागातल्या शाळा आणि बाजार फिरायचे, आणि येईल त्याला त्या जिवांविषयी सांगायचं. समोरचा ज्या भाषेत विचारील त्या भाषेत. माझं वाक्य मराठीत सुरू व्हायचं, कन्नडमध्ये वळण घ्यायचं आणि दखनीत संपायचं. नोकरीला लागले तेव्हा मी नुकती प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी होते. निवृत्त झाले तेव्हा या सगळ्या भागात ‘बाटलीवाली अक्का’ होते. हे नाव सांगताना गैरसमज होऊ नये म्हणून मी लगेच पुढं माशांचा विषय काढते.

गाडीवर दोनच माणसं, मी आणि ड्रायव्हर मौलाभाई. मौलाभाई बीदरचे. त्यांनी आयुष्यात मासा खाल्ला नव्हता आणि आमच्या बाटल्या पाहिल्यावर पुढंही खायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

बाटलीतला प्राणी सांभाळणं हे बरंचसं लोणच्याची बरणी सांभाळण्यासारखं आहे. औषधाचं पाणी हळूहळू उडून जातं, ते भरत राहावं लागतं. झाकण जरा सैल झालं की वासानं डोळ्यांतून पाणी येतं. ऊन लागू द्यायचं नाही. आमच्याकडच्या रस्त्यांवर बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे जुनी लुगडी कोंबावी लागतात. एवढं करूनही एक गोष्ट हातून जातेच, ती म्हणजे रंग. जिवंतपणी लालभडक असलेली कोळंबी आणि जांभळी समुद्रकाकडी, सगळी काही महिन्यांत उकडलेल्या बटाट्याच्या रंगाची होतात. मी लोकांना म्हणायचे, ‘ही लाल आहे असं समजा.’ लोक समजून घ्यायचे. आमची माणसं त्या बाबतीत उदार आहेत.

खोल म्हणजे किती खोल, हे सांगणं सगळ्यात अवघड. आकडा सांगितला की चेहरे कोरे पडतात. मग मी विहिरींवर यायचे. गावातल्या सगळ्यात खोल विहिरीच्या तळाशी तेवढीच दुसरी विहीर आहे असं समजा. तिच्या तळाशी तिसरी. आता असंच आज दिवसभर उतरत राहा. पहिल्या काही विहिरींतच उजेड संपतो. त्यापुढं दिवस नाही, रात्र नाही, ऋतू नाही. आणि वरच्या सगळ्या पाण्याचं ओझं अंगावर. ते ओझं दाखवायला एक थर्माकोलचा चहाचा कप होता. जहाजावरच्या कुणीतरी दोरीला बांधून खोल पाण्यात सोडलेला आणि वर काढलेला. दाबानं आकसून बोटाच्या पेराएवढा झालेला, पण कपाचा आकार तसाच. हुमनाबादच्या बाजारात एका चहावाल्यानं तो हातात घेऊन बराच वेळ निरखला आणि म्हणाला, “अक्का, असले कप कुठं मिळतेत? दूध लई महाग झालंय.”

गर्दी खेचायचा तो दिवेवाला मासा. काळा, गोल, तोंडभर सुयांसारखे दात, कपाळावरून पुढं आलेली काडी आणि तिच्या टोकाला जिवंतपणी पेटणारा दिवा. ही मादी. तिच्या पोटाखाली चामखिळीएवढं काहीतरी लोंबायचं, तो तिचा नवरा. अंधारात बायको सापडणं अवघड, म्हणून एकदा सापडली की तो तिला चावून धरतो आणि सोडत नाही. हळूहळू त्याची कातडी तिच्या कातडीत मिसळते, तिचंच रक्त त्याच्यात फिरतं, त्याचे डोळेही जातात. हे मी भालकीकडच्या एका गावात सांगितलं तेव्हा बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, “अगं बया, ह्यो तर घरजावई की!” त्यानंतर त्या माशाचं शास्त्रीय नाव मी कुठंच सांगितलं नाही. गरजच पडली नाही.

गाणगापूरला यात्रेकरूंची गर्दी असताना गाडी उभी केली की वेगळीच पंचाईत. महाराष्ट्रातून आलेली मंडळी दर्शनाच्या रांगेतून सुटलेली, हात जोडलेलेच. काचेच्या स्पंजासमोर, म्हणजे पांढऱ्या जाळीच्या टोपलीसारख्या दिसणाऱ्या त्या समुद्री जिवासमोर, एक काकू डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “अहो, हा प्राणी आहे.” त्या म्हणाल्या, “असू दे हो. कुणी घडवला ते तर बघा.” मी बौद्ध घरातली, बुद्धवंदना ऐकत वाढलेली. त्यांचं हात जोडणं होईपर्यंत मी मागची गर्दी थोपवून धरली. त्या गेल्यावर बाटलीवर हळद लागली होती, तेवढी पुसली.

संकटंही झाली. कडगंचीच्या विद्यापीठाकडं जाताना वाटेत एक म्हैस आडवी आली, मौलाभाईंनी ब्रेक दाबला आणि सगळ्यात मोठी बाटली खाली. तिच्यात होता समुद्रतळावरचा महाकिडा. शेणाच्या गवऱ्या उचलल्यावर खाली सापडतो, बोट लावलं की गोळी होतो, तो बारका किडा आठवा. त्याचाच हा खोल पाण्यातला नातलग, पण माणसाच्या पावलाएवढा. चौदा पाय आणि त्रिकोणी, थंड डोळे. गाडीत औषधाचा उग्र वास पसरला. आम्ही दोघं तोंडाला फडकी बांधून काचा वेचत होतो. मौलाभाई एका डोळ्यानं काचा आणि दुसऱ्यानं तो किडा पाहत होते. “अक्का, ये मेरेकू देखरा,” म्हणाले. म्हणजे तो त्यांच्याकडं बघत होता. मी किडा रस्त्याकडेच्या दुकानातून आणलेल्या बिस्किटांच्या बरणीत घातला आणि वर औषध ओतलं. विद्यापीठातल्या मुलांनी तो त्याच बरणीत पाहिला.

पण मी लिहायला बसले ती या गमतींसाठी नाही. आळंद तालुक्यातल्या एका गावी पारूबाई नावाच्या बाई भेटल्या, त्यांच्याविषयी सांगायचं आहे.

दुपारची वेळ होती. गाडी शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली उभी होती. मुलांच्या रांगेत एक बाई शिरल्या. वय पन्नाशीपुढचं, कपाळावर मोठं कुंकू, डोळे तांबारलेले. मुलं एका बाटलीकडून दुसरीकडं पळत होती आणि या प्रत्येकीपुढं थांबत होत्या. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं.

“म्याडम, ती पारूबाई. धनगराची. तिचा थोरला पोरगा म्हाळप्पा बोटीवर गेलता, मंगळूरकडं. जाळं वढताना पाण्यात पडला. गावला न्हाई. वरीस होत आलं.”

आमच्या भागातली पोरं हंगामात तिकडं मासेमारीच्या बोटींवर जाळी ओढायला जातात, हे मला ठाऊक होतं. शेतात काम नसलं की कुणी पुण्याला जातं, कुणी तिकडं. ज्यानं पूर्वी तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नसतं, तो पोरगा एकदम समुद्रावर उभा राहतो.

“घरात लई तरास हाय,” मुख्याध्यापक पुढं म्हणाले. “ती दिवस घालू देईना. नवरा सांगून थकला, पावनं थकले. सून बिचारी अधांतरी. कुंकू ठिवावं का पुसावं, माहेरी जावं का ऱ्हावं, तिला कोन काय सांगंना.”

तोवर मुलं महाकिड्याच्या बाटलीपाशी पोचली होती आणि पारूबाईही. त्या बाटलीपाशी रोज एकच प्रश्न यायचा, आणि तो आलाच.

“म्याडम, ह्यो काय खातोय?” एका मुलीनं विचारलं.

मी बाटलीची काच पुसायला लागले. मुलगी पुन्हा म्हणाली, “म्याडम, काय खातोय?” मुख्याध्यापक खाली बघायला लागले. मी पुढच्या बाटलीकडं हात करून काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर पारूबाईच म्हणाल्या, “सांगा की. लेकरं इचारायलेत.”

त्यांच्यासमोर खोटं बोलवेना. मी म्हटलं, “खाली अंधारात काही उगवत नाही. म्हणून वरून जे मेलेलं खाली येतं, मासे, देवमासे, काहीही, ते हा खातो. कधीकधी वर्षानुवर्षं वाट बघतो.”

मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर निघून जातील. त्यांनी बाटलीवरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं.

“म्हंजे वरचं खाली पोचतंय?”

“हो.”

“थांबतंय? बूड हाय समिंदराला?”

“आहे की. सगळीकडं आहे.”

त्यांनी फळीला हात टेकला. मी मुलांना मौलाभाईंच्या हवाली केलं आणि पारूबाईंना गाडीच्या पायरीवर बसवलं. पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरून ठेवला, प्याल्या नाहीत.

“त्येच्या संगच्या पोरानं पिशवी आणून दिली,” त्या म्हणाल्या. “मी इचारलं, बाबा, माझं लेकरू कुठं गेलं? तर म्हनला, मावशी, समिंदराला बूड नसतंय. तवापासनं डोळा लागला की मला दिसतंय, म्हाळप्पा खाली जायलाय. खाली, खाली, आनखी खाली. पाय टेकंनात त्येचे. ह्ये म्हनतेत दिवस घाल. कामून घालू? आजून पोचलंच न्हाई माझं लेकरू. पोचल्याबिगर कसं दिवस घालायचं, तुमीच सांगा.”

इतक्या वर्षांत किती लोकांनी मला समुद्राविषयी काय काय विचारलं होतं. तिथं सोनं आहे का, द्वारका आहे का, शेषनाग खरा का. तळ आहे का, हे असं कुणी विचारलं नव्हतं.

गाडीत सगळ्यात खालच्या फळीवर एक रुंद तोंडाची बरणी होती. तिच्यात प्राणी नव्हता, औषधही नव्हतं. खोल समुद्राच्या तळावरून काढलेली माती होती, राखाडी, वाळलेली. बघायला काही नाही म्हणून मुलं तिच्यापुढं थांबत नसत. मी ती काढली, झाकण उघडलं आणि पारूबाईंपुढं धरली.

“हा तळ. ही तिथली माती.”

त्या आधी नुसत्या बघत राहिल्या. मग दोन बोटं आत घातली, चिमूटभर माती तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं चोळली. ती माती फार मऊ असते, चाळलेल्या राखेसारखी.

“आपल्या तळ्याच्या गाळावानी हाय,” त्या म्हणाल्या. “कशाची झाली ही?”

“समुद्रात वर उजेडात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. त्यांच्या अंगावर शंखासारखी कवचं असतात. ते मेले की कवचं खाली पडत राहतात, हळूहळू, आभाळातून बर्फ पडावा तशी. त्यांचीच ही माती.”

पडणारा बर्फ त्यांनी कुठं पाहिला असणार? पण त्यांना समजलं. “म्हंजे जे जे गेलं ते हितंच येऊन निजलंय,” त्या म्हणाल्या.

मला त्यांना फसवायचं नव्हतं. मी सांगितलं, “पारूबाई, ही माती फार लांबची आहे, फार खोल पाण्यातली. म्हाळप्पा होता तिथली नाही. त्या बोटी एवढ्या खोलवर जात नाहीत. किनाऱ्याच्या बाजूला कमी पाण्यात जाळी ओढतात. तिथला तळ वर असतो.”

त्यांनी माझं बोलणं मनातल्या मनात पुन्हा ऐकल्यासारखं केलं.

“मग लवकरच पोचलं आसंल,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं. “फार वेळ लागला नसेल.”

तेव्हा कुठं त्या रडल्या. मोठ्यानं नाही. मौलाभाई मुलांना गाडीच्या दुसऱ्या बाजूनं घेऊन गेले आणि थर्माकोलच्या कपाची गोष्ट, जी त्यांना निम्मीच यायची, दखनीत रंगवून सांगत राहिले. मुलांचं हसणं आम्हाला ऐकू येत होतं.

उठताना पारूबाईंनी तळहातावरची माती परत बरणीत टाकली नाही. मूठ मिटली. “ही घेऊ का, बाई?”

“ती तिथली नाही, मी सांगितलं ना.”

“समिंदर तर येकच हाय न्हवं?”

मी कागदाची पुडी करून आणखी थोडी घालून दिली.

काही दिवसांनी आम्ही आळंदच्या बाजारात गाडी लावली होती. खांद्यावर घोंगडी घेतलेले एक गृहस्थ दारापाशी आले. पारूबाईंचे नवरे, बिराप्पा. आत यायला तयार होईनात. बाहेरूनच म्हणाले, “बाई, ती तयार झाली. म्हनली, पोचलंय, आता घाला. सोमवारी हाय. तुमी दोघं या.” एवढं बोलून ते बाटल्यांकडं न बघता निघून गेले. मौलाभाई म्हणाले, “जाना पडता, अक्का.” जायचं तर मीही ठरवलंच होतं.

शेत गावाबाहेर, चढावर. पावणेरावळे जमले होते. त्यांच्या घरात माणूस गेलं की मातीच देतात, जाळत नाहीत. बांधाच्या कडेला त्यांच्या आधीच्या पिढ्यांच्या जागा होत्या. तिथं एक लहानसा खड्डा खणला होता. त्यात बोटीवरून परत आलेली पिशवी, तिच्यातून काढलेला म्हाळप्पाचा सदरा आणि त्यावर ती पुडी. पारूबाईंनी ती स्वतःच्या हातानं सोडली आणि माती सदऱ्यावर पसरली, लहान मुलाच्या अंगाला पावडर लावावी तशी. मग बिराप्पांनी शेतातली काळी माती वर लोटली. एकेक जण मूठमूठ घालत गेला. सुनेनंही घातली. मौलाभाईंनी घातली. मी काय करावं ते न कळून उभी होते. पारूबाईंनी माझा हात धरून खाली नेला आणि माझ्या मुठीत माती दिली.

जेवणं झाली. सून थोडी बोलली माझ्याशी. माहेरी जाणार होती, तिच्या भावानं पुढचा विचार मांडला होता, आणि सासूनंच जा म्हणून सांगितलं होतं. तिचा चेहरा रडून सुजला होता, पण ती सरळ माझ्याकडं बघून बोलत होती.

निरोप घ्यायला म्हणून मी पारूबाईंना शोधू लागले. त्या शेतातल्या एका लिंबाच्या सावलीत घोंगडीवर आडव्या झाल्या होत्या. एवढी माणसं, भांड्यांचा आवाज, पोरांची पळापळ, त्यात त्या एक हात उशाला घेऊन गाढ झोपल्या होत्या. बिराप्पा शेजारी बसून पंच्यानं माश्या हाकत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग दबक्या आवाजात म्हणाले, “निजली. आज निजली, बाई.”

आमची गाडी त्याच झाडापासून थोड्या अंतरावर होती. तिचं इंजिन सुरू झालं की अर्धा गाव जागा होई. मौलाभाई आत बसले, पण त्यांनी चावी फिरवली नाही. खिडकीतून मान बाहेर काढून मागून ढकला अशी हातानं खूण केली. बिराप्पा पंचा खांद्यावर टाकून उठले, आणखी चारजण आले, आणि त्या दुखवट्याच्या माणसांनी आमच्या गाडीला मागून हात लावले. गाडी हलली, उताराला लागली, आणि सगळे बाटलीतले जीव आपापल्या पाण्यात मंद झुलत, जराही आवाज न करता रस्त्याकडं निघाले.